बंद पडलेल्या शाळेच्या शोधाला निघण्याआधी

अभिलेखागाराची, म्हणजे जुनी कागदपत्रं जपून ठेवणाऱ्या संस्थेची, पायरी चढण्याआधी एक संध्याकाळ घरी बसा आणि त्या शाळेची सगळी नावं वहीत उतरवा: कागदोपत्री नाव, देणगीदाराचं नाव, रस्त्यावरून पडलेलं, मुलांनी ठेवलेलं. सूचीत शोध नावावरच चालतो. एक नाव सुटलं की अख्खी फाइल सुटते. भेटीची वेळ आधी कळवा. ओळखपत्र आणि पेन्सिल न्या, कारण शाईचं पेन बहुतेक ठिकाणी आत नेऊ देत नाहीत. कागदांचे फोटो काढता येतील का, तेही विचारून ठेवा.

सभांची इतिवृत्तं आणि तपासणी अहवाल मागालच. पण माझा खरा भरवसा आहे तो शेजारच्या, अजून चालू असलेल्या शाळेच्या दाखल-रजिस्टरावर. त्यात बहुधा ‘पूर्वीची शाळा’ असा रकाना असतो. एकाच आठवड्यात वीस-पंचवीस मुलं एकाच शाळेतून आलेली दिसली, की ती शाळा केव्हा मिटली हे तिचा एकही कागद उरलेला नसताना कळतं. त्या मुलांची नावं मात्र जपून वापरा. त्यांतली काही माणसं हयात असतील.

जुन्या फोटोंसाठी भिंग, सुती हातमोजे आणि स्वच्छ पांढरा कागद हवा. आधी मागची बाजू बघा, तिथे स्टुडिओचा शिक्का असतो. स्टुडिओचा पत्ता कधीपासून कधीपर्यंत तोच होता हे जुन्या व्यवसाय-सूचीत सापडलं, तर फोटोचा काळ आवळत आणता येतो. मग पहिल्या रांगेत मधोमध बसलेल्या मुलाच्या हातातली पाटी बघा. इयत्ता आणि साल पुष्कळदा तिथेच खडूनं लिहिलेलं असतं. अक्षरं उलटी दिसली तर निगेटिव्ह उलट्या बाजूनं छापली गेली आहे. अशा वेळी दारं-खिडक्यांची डावी-उजवी बाजूही बदलून वाचायची, नाहीतर इमारत नकाशावर चुकीच्या कोपऱ्यात जाऊन बसते. स्कॅन किमान ६०० डीपीआयला (दर इंचाला ६०० ठिपके), टिफ फाइलमध्ये (चित्राचा तपशील न गमावता साठवणारा फाइल-प्रकार) करा. मूळ फोटोवर काहीही लिहू नका.

माजी विद्यार्थ्यांकडे जाताना फोटोची मोठी छापील प्रत आणि ट्रेसिंग पेपर घ्या. कागद प्रतीवर ठेवून प्रत्येक डोक्याची बाह्यरेषा काढा आणि आकडे घाला. ‘शाळा कशी होती?’ असं विचारलं की उत्तर दोन वाक्यांत आटपतं. ‘तुमच्या शेजारी कोण बसायचं?’ असं विचारा. नाव आठवलं नाही आणि ‘हा सात नंबरचा रोज उशिरा यायचा’ एवढंच कुणी म्हणालं, तरी ते सातच्या आकड्यापुढे, सांगणाऱ्याचं नाव आणि तारीख घालून, तिथल्या तिथे लिहून घ्या.