परसातल्या सावलीसाठी सोनटक्का

बेळगाव-खानापूर भागातील कौलारू घरांच्या परसात एखादा कोपरा असा असतोच, जिथे पुरेशा उन्हाअभावी शेवंती तग धरत नाही. अशा ओलसर, आडोशाच्या जागी सोनटक्का लावावा. आले-हळदीच्या कुळातील हे झाड कंदावर वर्षानुवर्षे टिकते आणि छातीइतके उंच वाढते. कन्नडभाषक शेजारी त्याला सुरुळी सुगंधी म्हणतात.

जागा मात्र पारखून निवडावी. फणसाच्या दाट सावलीत लावलेल्या माझ्या गड्ड्याला दोन वर्षे नुसती पानेच आली; तोच पूर्वेच्या भिंतीलगत, सकाळचे दोन-तीन तास कोवळे ऊन मिळेल अशा ठिकाणी हलवल्यावर त्याच पावसाळ्यात फुलला. दुपारचे ऊन टाळावे, त्याने पानांचे शेंडे करपतात.

मे महिन्यात वळिवाने माती भिजली की कंदाचे दोन-तीन डोळे असलेले तुकडे करावेत, कापाला राख लावून ते दिवसभर सावलीत सुकवावेत आणि दोन फूट अंतरावर, दोन-तीन इंच खोल, आडवे लावावेत. खानापूरकडील तांबडी माती लवकर कोरडी पडते, म्हणून तिच्यात शेणखत भरपूर घालून वर पालापाचोळा पसरावा. काळ्या मातीत पाणी तुंबून कंद कुजू नये यासाठी वाफा उंच करावा.

गौरी-गणपतीच्या सुमारास हिरव्या खवल्यांच्या कणसातून लांब नळीच्या पांढऱ्या कळ्या डोकावतात, तिन्हीसांजेला उमलतात आणि दुसऱ्या दिवशी पिवळसर होऊन मलूल पडतात. वेणीसाठी टपोऱ्या कळ्या दुपारीच नळीसकट खुडून ओल्या केळीच्या पानात गुंडाळाव्यात. दिवेलागणीपर्यंत त्या उमलतात आणि माजघरभर वास दरवळतो.

एकदा फुललेला दांडा पुन्हा फुलत नाही, तो जमिनीलगत कापावा. हिवाळ्यात पाने पिवळी पडून वाफा ओकाबोका दिसतो, म्हणून पुढच्या ओळीत अबोली लावलेली बरी. उन्हाळ्यात विहिरीच्या किंवा न्हाणीच्या कडेचा ओलावा त्याला मानवतो, पण साबणाचे पाणी थेट मुळांशी सोडू नये.

तीन-चार वर्षांनी गड्डे दाटले की ते उपटून विरळ करावेत. जास्तीचे कंद शेजाऱ्यापाजाऱ्यांना द्यावेत. मलप्रभेला मिळणाऱ्या ओढ्या-नाल्यांत मात्र कधीही टाकू नयेत, कारण ओल्या काठावर ते सहज रुजतात आणि तिथली मूळची झुडपे दाबून टाकतात.