छोट्या हॅचबॅकची वार्षिक तपासणी: या चुका टाळा

"गाडी फारशी फिरतच नाही हो, तिला काय होणार?" असं म्हणत कोणी छोटी हॅचबॅक तपासणीला आणली की ती कुठे अडकणार याचा अंदाज मला आधीच येतो. मागच्या ब्रेकांत.

तशी ही पास व्हायला सोपी गाडी. वजन कमी, सस्पेन्शन पुढे साधं स्ट्रटचं, मागे सरळसोट बीमचं, इलेक्ट्रॉनिक्सचं लटांबर बेताचं. इंजिन तर दीड-दोन लाख किलोमीटर कुरकूर न करता चालतं. पण घरातली दुसरी गाडी म्हणून ती दिवसाला दोन-तीन किलोमीटर फिरते आणि उरलेला वेळ उभी असते. लोक किलोमीटर मोजतात, गंज मात्र दिवस मोजतो.

मागच्या ब्रेकांचं दुखणं समजून घ्या. ब्रेक मारला की गाडीचा भार पुढे झुकतो, त्यामुळे बहुतेक काम पुढच्या डिस्क करतात. मागचा भाग आधीच हलका, त्यात बऱ्याच छोट्या गाड्यांना मागे ड्रम. हळू चालवणाऱ्याच्या गाडीत या ड्रमना काम असं नसतंच. माझ्याच गाडीची गोष्ट सांगतो. तपासणी केंद्रात ब्रेकची ताकद मोजणाऱ्या फिरत्या रोलरवर मागची चाकं ठेवली, हँडब्रेक ओढला. उजव्या चाकाचा आकडा सरसर चढला, डाव्याचा अर्ध्यावरच थांबला. मी शहाणपणा केला, "केबल ढिली असेल, ताणून घ्या." मेकॅनिकने ऐकलं नाही, ड्रम उतरवला. ड्रमला आतून घासून चाक थांबवणाऱ्या शूवरचा लायनर, म्हणजे झिजणारा थर, भरपूर शिल्लक! पण ॲडजस्टरचं छोटं दातेरी चाक गंजून असं घट्ट बसलेलं की बोटाने तसूभर हलेना. लायनर झिजेल तसा शू पुढे सरकवायचं काम त्याचं, आणि ते जाम, म्हणून शू ड्रमपासून लांबच राहिलेला. केबल ताणली असती तर आकडा कदाचित त्या दिवसापुरता वाढला असता, पण शू कायम अर्धवट ओढलेले राहून ॲडजस्टरचं उरलंसुरलं कामही बंद पडलं असतं. आधी शू सेट करायचे, केबल शेवटी. हा क्रम उलटा करणारे मेकॅनिकही आहेत, म्हणून समोर उभं राहून बघा.

ब्रिटनच्या एमओटी या वार्षिक तपासणीत हँडब्रेकची ताकद गाडीच्या वजनाच्या किमान 16 टक्के लागते. पायाच्या ब्रेकला एका ॲक्सलवरच्या कमजोर चाकाची ताकद दुसऱ्याच्या 70 टक्क्यांखाली गेली की गाडी नापास. म्हणजे ब्रेक लागतोय एवढ्याने भागत नाही, दोन्ही बाजूंना सारखा लागला पाहिजे. हे चालवताना कळत नाही, रोलरवरच कळतं.

गाडी थंडच नेणं

धुराच्या चाचणीत ही चूक सगळ्यात जास्त होते. धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर साधारण 250 ते 300 अंश सेल्सिअसला कामाला लागतो. घरापासून केंद्र जवळ, वर रांगेत अर्धा तास इंजिन बंद, की कन्व्हर्टर गारठलेला. मोकळ्या रस्त्यावर वीसेक मिनिटं जरा खालच्या गिअरमध्ये चालवून मगच जा. रोजच्या छोट्या फेऱ्यांनी सायलेन्सरमध्ये साचलेलं पाणीही त्यात उडून जातं. तेच पाणी सायलेन्सरला आतून खातं, बाहेरून तो ठणठणीत दिसत असतो.

तरीही धुरात नापास झालात तर कन्व्हर्टर बदलायची घाई करू नका, तो महागडा पार्ट. हातात आलेल्या कागदावर दोन आकडे बघा: कार्बन मोनॉक्साइड आणि लॅम्बडा, म्हणजे इंजिनातल्या हवा-पेट्रोलच्या प्रमाणाचा आकडा. लॅम्बडा 0.97 ते 1.03 च्या मध्ये असावा. तो 1.03 च्या वर आणि कार्बन मोनॉक्साइड ठीक असेल, तर बहुधा सायलेन्सरच्या एखाद्या जोडातून बाहेरची हवा आत शिरतेय. जोड घट्ट केला, गॅस्केट बदललं की काम झालं. लॅम्बडा कमी आणि कार्बन मोनॉक्साइड जास्त, म्हणजे इंजिनाला पेट्रोल जास्त जातंय, ऑक्सिजन सेन्सर तपासा. लॅम्बडा बरोबर, इंजिन गरम, तरी कार्बन मोनॉक्साइड जास्त असेल तर मात्र कन्व्हर्टरवर बोट ठेवायला हरकत नाही.

आदल्या दिवशी कोड पुसणं

चेक इंजिनचा दिवा पेटतो म्हणून स्कॅनर लावून कॉम्प्युटरने नोंदवलेला बिघाडाचा कोड पुसायचा किंवा बॅटरीची वायर काढायची, हा उपाय नव्हे. दिवा विझतो, पण गाडीच्या कॉम्प्युटरने केलेल्या अंतर्गत चाचण्याही शून्यावर येतात. जिथे ओबीडी पोर्टला (गाडीच्या कॉम्प्युटरशी जोडणाऱ्या सॉकेटला) स्कॅनर लावून तपासतात तिथे त्या अपूर्ण दिसल्या की गाडी परत पाठवतात. त्या पुन्हा पूर्ण व्हायला काही दिवसांचं मिश्र ड्रायव्हिंग लागतं. बल्बच काढून टाकणाऱ्यांबद्दल काय बोलावं! चावी फिरवल्यावर दिवा पेटून विझतो की नाही, हे बघूनच तपासनीस सुरुवात करतो. एअरबॅग आणि एबीएसच्या दिव्यांनाही हेच लागू.

टायर बाहेरूनच बघणं

पुढची चाकं गाडी ओढतातही आणि वळवतातही, त्यामुळे झीज तिथेच जास्त. अलाइनमेंट (चाकांचे कोन) बिघडलेलं असेल तर बऱ्याचदा आतली कड आधी गुळगुळीत होते आणि उभ्याने ती दिसत नाही. स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला वळवा, खाली बसा, आतल्या कडेवरून बोट फिरवा. खाचांमध्ये 1.6 मिलिमीटर उंचीच्या आडव्या पट्ट्या असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला. तिथे बसलातच आहात तर ड्राइव्ह शाफ्टचं (चाक फिरवणाऱ्या दांड्याचं) रबरी बूट फाटून चाकाच्या आत ग्रीस उडालंय का आणि कॉइल स्प्रिंगचा सगळ्यात खालचा वेढा तुटलाय का, हेही बघा. तो तुकडा स्प्रिंगखालच्या बशीतच पडून राहतो, आवाजही करत नाही.

दिव्यांचं थोडक्यात: नंबर प्लेटचा दिवा आणि तिसरा ब्रेक लाइट स्वतः गाडीमागे जाऊन बघा, आरशात ते दिसत नाहीत. हेडलाइट वरखाली करायची डॅशबोर्डवरची छोटी चकती शून्यावर आणा. मागच्या वेळी डिकी भरून प्रवास केला तेव्हा ती 3 वर नेली आणि तशीच राहिली, असं हमखास होतं. मग झोत रस्त्यात खाली घुसतो आणि चांगल्या हेडलाइटची गाडी नापास होते. वॉशरमध्ये पाणी भरा. वायपर ब्लेड काचेवर पट्टे सोडत असेल तर बदलून टाका, त्यात विचार करण्यासारखं काही नाही.

नापास झालात तर गॅरेजला "सगळं बघून घ्या" म्हणू नका. कागद दाखवा, कोणत्या चाकाचा कोणता आकडा पडला ते दाखवा आणि तेवढंच काम सांगा. नवे ब्रेक शू टाकले असतील तर त्याच तासाला फेरतपासणीला धावू नका. नवा लायनर ड्रमच्या गोलाईला पूर्ण टेकायला थोडा वेळ घेतो, तोपर्यंत आकडे कमीच येतात. दोन-तीन दिवस रोजच्यासारखी चालवा, मोकळ्या जागी थोडे जोराचे ब्रेक मारा, हँडब्रेक किती खटक्यांवर धरतो ते मोजा, आणि मग गाडी रोलरवर चढवा.