जीपचे मागचे पाटे जागेवरून सरकू नयेत म्हणून

जुनी जीप तिरपी धावत असेल, मागचं एक चाक मागं सरकलेलं दिसत असेल, तर पाट्यांचा (धक्के झेलणाऱ्या, एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांचा) सेंटर बोल्ट, म्हणजे त्यांना मधोमध आरपार धरणारा बोल्ट, बहुतेक तुटलेला असतो. नुसता बोल्ट बदलून भागत नाही. पाटे आवळून धरतात ते यू-बोल्ट. ते ढिले पडले की पांदणीतल्या प्रत्येक खड्ड्याचा धक्का त्या एकट्या बोल्टावर येतो.

१. चेसिस घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) टेकवा, एक्सलखाली जॅक द्या.
२. यू-बोल्ट सोडण्याआधी त्यांच्या बाहेरून दोन्हीकडे सी-क्लॅम्प आवळा, म्हणजे पाटे विस्कटत नाहीत. भोकं पंचनं जुळवून नवा बोल्ट घाला.
३. बोल्टाचं डोकं एक्सलच्या बैठकीतल्या भोकात नीट बसलंच पाहिजे. मधे वाळलेली काळी माती राहिली तर बसत नाही. आधी खरवडून काढा.
४. यू-बोल्ट आणि नट नवेच घ्या. चारही नट आलटून-पालटून, थोडे थोडे आवळा. शेवटचा आवळा चाकं जमिनीवर असताना.

मग नटापासून खालच्या प्लेटीपर्यंत ऑइलपेंटची पांढरी रेघ ओढा. रेघ तुटलेली दिसली की नट फिरला. शंभरेक किलोमीटरनंतर पुन्हा आवळाच.

पाट्याला वेल्डिंग मात्र कधीच नको: पोलादाला दिलेलं पाणी (टेम्पर) उतरतं आणि पाटा तिथंच तुटतो.