जुनं घर, खान्देशातला उकाडा आणि गारठा: आधी काय करायचं, नंतर काय

होळी झाली की आपल्याकडे घरोघरी एकच विषय, घर तापतंय. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो आणि धुळ्याकडे जानेवारीत पहाटेचं तापमान एक आकडी होतं, म्हणजे एकाच घराने दोन्ही सोसायचं. नवीन फ्लॅटवाल्यांचं सोडा, हे जुन्या घरांसाठी आहे: धाब्याचं (सपाट मातीच्या छताचं) घर, चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी टाकलेला स्लॅब, नाहीतर धाबं उतरवून वर पत्रे टाकलेलं घर. बहुतेक लोक वैतागून पहिले एसीच्या दुकानात जातात आणि मग बिल बघून अजून वैतागतात. माझं म्हणणं उलटं आहे, आधी छत, मग खिडक्या, मग वायरिंग, आणि मशीन सगळ्यात शेवटी. आणि ही कामं आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधी उरकायची, कारण नंतर ना मिस्तरी भेटत ना कूलरवाला.

पहिलं काम: उष्णता कुठून येतेय ते शोधा

यासाठी पैसे लागत नाहीत. रात्री दहाच्या सुमारास पंखा बंद करा, स्टुलावर चढून छताला तळहात लावा, मग पश्चिमेच्या भिंतीला लावा, मग घरातल्या मधल्या भिंतीला. मधल्या भिंतीपेक्षा छत गरम लागलं तर दोष छताचा, स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री तेच खाली सोडतो, त्यात पंखा तीच गरम हवा तुमच्या अंगावर ढकलतो, म्हणून पंखा लावला तरी जीव घाबरतो. पश्चिमेची भिंत गरम असेल तर त्या भिंतीला बाहेरून सावली पाहिजे. आणि दोन्ही बरे असून नुसतं कोंदट वाटत असेल तर हवा खेळत नाहीये, त्यावर खाली बोलतो. हे न बघता खर्च केला की लोक भिंतीवर पैसे घालतात आणि छत तसंच तापत राहतं.

दुसरं काम: छत

स्लॅब असेल तर पांढरा करा. स्वस्तातला मार्ग चुन्याचा. कळीचा चुना आदल्या दिवशी पत्र्याच्या पिंपात भिजवायचा, प्लास्टिकच्या बादलीत नाही, कारण भिजताना तो उकळतो. पाण्यात चुना थोडा थोडा सोडायचा, पोरांना लांब ठेवायचं, डोळ्याला गॉगल आणि हाताला रबरी मोजे पाहिजेतच. दुसऱ्या दिवशी गाळून घ्या, त्यात थोडं पांढरं सिमेंट आणि धरून राहायला फेविकॉल टाका. स्लॅब झाडून, धुऊन, ओलसर असतानाच संध्याकाळी पहिला हात मारा आणि तो वाळला की दुसरा. भर उन्हात मारलेला चुना लगेच सुकतो आणि बोट फिरवलं की पावडर हातात येते. हा थर पावसाळ्यात बराचसा धुतला जातो, म्हणून दरवर्षी करायचं काम आहे हे. ज्यांना दरवर्षी नको त्यांनी कूल रूफ पेंट घ्यावा, डब्यावर एसआरआय नावाचा आकडा असतो, म्हणजे रंग ऊन किती परतवतो आणि किती कमी तापतो त्याचं माप, तो 100 च्या आसपास असलेला बघा. नुसता पांढरा डिस्टेंपर गच्चीवर टिकत नाही. आणि स्लॅबला भेगा असतील तर आधी त्या भरा, गळक्या छतावर रंग म्हणजे पैसे पाण्यात.

संध्याकाळी गच्चीवर पाणी मारायची सवय बऱ्याच घरांत आहे, गार वाटतं हे खरं, पण आपल्याकडे नळाला चार-चार दिवसांआड पाणी येतं तिथे ते परवडत नाही. मारायचंच तर जुनी गोणपाटं अंथरून त्यांवर मारा, कमी पाण्यात जास्त वेळ ओल राहते.

पत्रे असतील तर तुमचा त्रास सगळ्यात जास्त आणि उपायही लवकर लागू पडणारा. हिरवी शेडनेट बांधा, पण पत्र्याला चिकटवून नको, मध्ये एक-दोन फुटांची मोकळी जागा पाहिजे, हवा तिथूनच वाहते आणि पत्रा सावलीत राहतो. पाइप किंवा बांबू पक्के रोवा कारण मे महिन्यातलं वावधन (वादळी वारं) ढिली नेट थेट शेजाऱ्याच्या अंगणात नेऊन टाकतं. खालून सीलिंग करायचं असेल तर सीलिंग आणि पत्र्याच्या मधली तापलेली हवा बाहेर जायला आढ्याजवळ दोन्ही टोकांना जाळ्या ठेवा, वाऱ्यावर फिरणारा व्हेंटिलेटर बसवला तर अजून चांगलं. थर्माकोलच्या शीट लावू नका बाबांनो, स्वस्त आहेत हे मान्य, पण वायरची एक ठिणगी पडली की भडकतात, आणि उंदीर पोखरतात ते वेगळंच.

धाब्याचं घर असेल तर तुम्ही नशीबवान आहात, फक्त ते बिघडवू नका. जाड मातीच्या भिंती आणि वर खारी मातीचा थर, उष्णता आत यायलाच संध्याकाळ होते. लोक गळतीला कंटाळून वर सिमेंटचा कोबा घालतात, वजन वाढतं, सागाच्या तुळया वाकतात आणि ओल आत अडकून उधई (वाळवी) लागते. त्यापेक्षा पावसाळ्याआधी खारी माती नीट टाका, उतार नीट ठेवा. धाब्यावर उंच पत्र्याची शेड चारही बाजूंनी मोकळी टाकली तर ऊन आणि पाऊस दोन्ही अडतं, पण तिचा भार धाब्यावर देऊ नका, खांब खाली जमिनीतून घ्या. मातीच्या भिंतींना सिमेंटचं प्लास्टर करायचं टाळा, चुना किंवा मातीचा गिलावाच बरा, नाहीतर भिंतीतली ओल बाहेर पडत नाही आणि दोन पावसाळ्यांत पापुद्रे सुटतात.

तिसरं काम: खिडक्यांचं टाइमटेबल

आपला उकाडा कोकणासारखा चिकचिकीत नाही, कोरडा आहे आणि पहाटे बऱ्यापैकी उतरतो, त्याचा फायदा घ्यायचा. रात्री ऊन उतरल्यावर सगळ्या खिडक्या, जिन्याचं दार, धाब्यातलं साणं उघडं. साणं म्हणजे छतातला झरोका, हल्ली लोक तो फरशी टाकून बुजवतात, आणि मग वर गोळा झालेली गरम हवा जाणार कुठून? त्याला जाळी आणि उघडता-झाकता येणारं झाकण करा. सकाळी आठ-नऊला बाहेरची हवा तापायच्या आत सगळं बंद आणि पडदे ओढलेले. आजी लोक हेच करायच्या, आपण मात्र दुपारी दोनला "हवा येऊ दे" म्हणून खिडकी उघडतो आणि लू आत घेतो. पश्चिमेच्या खिडकीला पडदा आतून लावण्यापेक्षा बाहेरून तट्ट्या किंवा बांबूची चिक लावा, काचेतून ऊन एकदा आत आलं की आतला पडदा फार काही करत नाही.

चौथं काम: पंखा आणि वायरिंग

पंखा हळू फिरत असेल तर नवीन आणायच्या आधी कंडेन्सर बदलून बघा, साध्या पंख्याला बहुतेक 2.5 एमएफडीचा लागतो, खर्च किरकोळ, मेन स्विच बंद करून वायरमनकडून बसवून घ्या. जुन्या घरात छत बारा फुटांवर असतं आणि पंखा वर अडकवलेला, वारा खाली पोचतच नाही, लांब रॉड लावून पाती जमिनीपासून आठ-नऊ फुटांवर आणा. बीएलडीसी पंखा (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) साधारण 30-35 वॉट खातो आणि जुना 75 च्या आसपास, दिवसरात्र चालणाऱ्या खोलीत तो बदलणं परवडतं.

आता महत्त्वाचं. जुन्या घरांत बरेचदा अर्थिंगच नसतं, किंवा तीन पिनचं सॉकेट दिसतं पण तिसऱ्या भोकात वायरच जोडलेली नसते. कूलर म्हणजे पाणी आणि वीज एकत्र, दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागल्याच्या बातम्या येतात त्या उगाच नाही. वायरमनला बोलावून अर्थिंग तपासा, आणि बोर्डवर 30 मिलीअँपिअरची आरसीसीबी (वीज गळली की लाइन लगेच तोडणारा स्विच) बसवून घ्या. या एका गोष्टीत कंजूषपणा करू नका.

पाचवं काम: कूलर, आणि तो नीट लावणं

खान्देशात कूलर एसीच्या तोंडात मारतो असं मी म्हणेन, निदान मे अखेरपर्यंत, कारण हवा कोरडी आणि पाणी पटापट उडतं. पण निम्मे कूलर चुकीचे लावलेले असतात. खोली बंद करून आत कूलर ठेवला की अर्ध्या तासात दमट वाफारा होतो आणि लोक म्हणतात कूलर खराब आहे! कूलर खिडकीबाहेर सावलीत पाहिजे, म्हणजे कोरडी हवा ओढेल, आणि समोरच्या बाजूची खिडकी थोडी उघडी, म्हणजे दमट हवा बाहेर जाईल.

साइज कशी काढायची? लांबी, रुंदी, उंची फुटांत गुणा आणि दोनने भागा. 10 बाय 15 ची खोली, उंची 10, म्हणजे 1500 घनफूट, भागिले 2 म्हणजे 750 सीएफएम, म्हणजे मिनिटाला इतके घनफूट हवा. खोक्यावर बहुतेक घनमीटर प्रति तास लिहिलेलं असतं, त्यासाठी 1.7 ने गुणा, साधारण 1275 आलं. छत बारा फूट असेल तर हिशोबात बाराच धरा, दुकानदार नुसतं "किती बाय किती" विचारतो.

बोअरचं पाणी क्षाराचं असतं, गवताच्या जाळ्यांवर पांढरे खडे धरतात आणि पाणी एकाच कडेने वाहतं, मग तेवढीच जाळी ओली, बाकीच्यातून गरम हवा. गवत दर सीझनला बदला, हनीकोंब (मधाच्या पोळ्यासारखी कागदी जाळी) असेल तर साध्या पाण्याने हलक्या हाताने धुवा. टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून घासून कोरडी करायची, डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून उडायला आठवडा-दहा दिवस पुरतात. पाणी भरताना प्लग काढलेला पाहिजे, स्विच बंद केला एवढ्यावर थांबू नका.

जूनमध्ये ढग आले की कूलर गार करत नाही, नुसता चिकटपणा वाढवतो. तेव्हा पंप बंद करून त्याचा नुसता पंखा चालवा, त्या पंधरा-वीस दिवसांना इलाज नाही.

एसी घ्यायचाच असेल तर

एकच खोली निवडा, पश्चिमेची नाही, वर पत्रा नसलेली. दारं-खिडक्यांच्या फटी आधी बुजवा, पेटलेली उदबत्ती चौकटीजवळ फिरवा, धूर जिथे हलतो तिथे फट. दीड टनाच्या एसीला वेगळी लाइन पाहिजे, मीटरच्या बोर्डापासून तांब्याची 4 स्क्वेअर एमएमची वायर, स्वतःचा एमसीबी (लोड वाढला की आपोआप पडणारा स्विच) आणि 16 अँपिअरचं सॉकेट, पंख्याच्या लाइनवर जोडला की बोर्ड वितळतो. मे महिन्यात संध्याकाळी व्होल्टेज पडतं, स्टॅबिलायझर घ्या. मातीच्या भिंतीत खिळे-फास्टनर धरत नाहीत, आतल्या युनिटला लाकडी किंवा लोखंडी फ्रेम करा, बाहेरचं युनिट जमिनीवर स्टँडवर, उत्तरेला सावलीत पण मोकळ्यावर. ड्रेनचं पाणी भिंतीत मुरू देऊ नका.

2020 पासून स्टारवाले एसी चालू केले की 24 वर सुरू होतात, तिथेच ठेवा आणि पंखा लावा. गारवा कमी झाला तर आधी फिल्टर धुवा, बाहेरच्या युनिटवरची धूळ काढा. दरवर्षी "गॅस संपलाय" म्हणणाऱ्या मेकॅनिकला विचारा की गेला कुठे, गॅस वापरून संपत नाही, कमी झाला म्हणजे लीकेज आहे, ते बंद न करता भरलेला गॅस पुन्हा जाणारच.

थंडीचं थोडक्यात

दसरा झाला की शेडनेट काढून ठेवा, म्हणजे दिवसा छत तापेल, नेटचं आयुष्यही वाढेल. साण्यावर झाकण, दाराखाली वाळू भरलेली कापडी गुंडाळी, आणि खिडक्यांचं टाइमटेबल उलटं, दुपारी उघड्या आणि चार-पाचला बंद. हीटर 2000 वॉटचा असेल तर तोही 16 अँपिअरच्या सॉकेटवरच, एक्स्टेंशन बोर्डावर नाही, आणि गोधडीपासून लांब. कोळशाची शेगडी किंवा पऱ्हाटीचा (कपाशीच्या वाळक्या काड्यांचा) विस्तव बंद खोलीत घेऊन झोपायचं नाही म्हणजे नाही, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतच माणूस जातो. हेच गॅस गिझरलाही लागू, छोट्या बंद न्हाणीत तो बसवू नका, बाहेर बसवून पाइपने गरम पाणी आत आणा, आणि आधीच आत बसवलेला असेल तर बादली भरून गिझर बंद केल्यावरच दार लावून आंघोळ करा, खिडकी उघडीच ठेवून.