वन्यजीवांचे फोटो कृष्णधवल करताना रंगांचं काय करायचं

बिबट्याचा माझा पहिला कृष्णधवल फोटो मी घरात कौतुकाने दाखवला, तर प्रश्न आला, "यात बिबट्या कुठाय?" सोनेरी अंगाचा प्राणी, मागे हिरवंगार झुडूप, तिरपं ऊन, नजर थेट माझ्याकडे. रंगीत फोटोत तो लांबूनही दिसायचा. मी काय केलं, तर सॅच्युरेशनचा, म्हणजे रंगांच्या तीव्रतेचा, स्लायडर पार डावीकडे ओढला. सोनेरी आणि हिरवा हे दोन्ही रंग एकाच करड्या छटेत जाऊन बसले. उरले ते ठिपके, आणि तेही पानांच्या सावल्यांत मिसळून गेले.

झालं असं की मूळ फोटोत बिबट्या वेगळा दिसत होता तो निव्वळ रंगामुळे. अंगावरचा आणि पानांवरचा उजेड जवळजवळ सारखाच होता. हरणांच्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या असतात, त्यामुळे वाघाचं केशरी अंग त्यांना हिरवळीपेक्षा फारसं वेगळं दिसत नाही. मीही बिबट्या हरणाच्या नजरेतून दाखवला, म्हणा ना!

तेव्हापासून सॅच्युरेशनच्या स्लायडरला मी या कामासाठी हात लावत नाही. कोणता रंग किती उजळ आणि कोणता किती गडद, हे आपण ठरवायचं असतं. त्यासाठी ब्लॅक अँड व्हाइट मिक्सर असतो. फोटो संपादनाच्या लाइटरूम या सॉफ्टवेअरमध्ये त्यात 8 रंगांचे स्लायडर आहेत, फोटोशॉपमध्ये 6. फिल्मच्या काळात लोक लेन्सपुढे लाल किंवा पिवळा फिल्टर लावायचे. लाल फिल्टरने निळं आकाश काळवंडायचं आणि ढग उठून दिसायचे. तेच काम आता फोटो काढून झाल्यावर, निवांत बसून करता येतं.

पण त्यासाठी फाइलमध्ये रंग शिल्लक हवेत. म्हणून फोटो रॉ मध्येच काढा, म्हणजे सेन्सरने टिपलेली सगळी माहिती जशीच्या तशी ठेवणाऱ्या फाइलमध्ये. कॅमेऱ्यात मोनोक्रोम लावला तरी रॉ फाइलमध्ये रंग राहतात, स्क्रीनवर मात्र कृष्णधवल दिसतं. जागेवर उजेड-सावली वाचायला याचा फार उपयोग होतो. मी एकदा मोनोक्रोम लावला आणि सोबत नुसता जेपेग ठेवला, म्हणजे कॅमेऱ्यानेच पक्की करून दिलेली फाइल. संध्याकाळचे हत्ती, लाल धूळ उडालेली, आणि घरी आल्यावर हातात फक्त करड्या फाइली. धूळ वेगळी काढायला लाल रंगच उरला नव्हता. शिवाय 14 बिटच्या रॉ मध्ये उजेडाच्या 16,384 पायऱ्या असतात आणि 8 बिटच्या जेपेगमध्ये 256. रंगीत फोटोत हा फरक सहसा जाणवत नाही. कृष्णधवलमध्ये आकाश जरा ताणलं की पट्टे दिसायला लागतात.

मग फोटो कोणता निवडायचा? धीवर (खंड्या) पक्ष्याचा निवडू नका. त्याचं निळं-केशरी काढून घेतल्यावर उरतो तो चोच असलेला एक ठोकळा. ढगाळ दिवसातला हत्ती घ्या. रंगीत फोटोत तो मळकट दिसतो, कृष्णधवलमध्ये त्याच्या सुरकुत्या बोलायला लागतात. काळ्या तोंडाचं, चंदेरी केसांचं वानर, धुक्यातले बगळे, झेब्रे हे तर निम्मं काम स्वतःच करून आलेले असतात. मी डोळे बारीक करून फोटो बघते. आकार तरीही कळला तर पुढे जाते.

आणि फसलेले फोटो 'कलात्मक' करायला कृष्णधवल वापरणाऱ्यांवर माझा जरा राग आहे. हललेला फोटो हललेलाच राहतो. बगळ्याची जास्त उजेडाने जळालेली पांढरी पिसं कोणत्याही मिक्सरने परत येत नाहीत. एक मात्र मान्य करते: जास्त आयएसओवर, म्हणजे कमी उजेडात कॅमेऱ्याची संवेदनशीलता वाढवून, काढलेल्या फोटोतले लाल-हिरवे ठिपके निघून जातात आणि उरलेला दाणा फिल्मसारखा खपून जातो. तेवढी सूट मीही घेते.

आता प्रत्यक्ष काम. आधी फोटो रंगीतच ठेवून नीट करा. एक्स्पोजर (एकूण उजेड), व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) आणि मुख्य म्हणजे कडांवरची जांभळी किनार. फांद्या आणि शिंगं आकाशासमोर असली की ही किनार हमखास येते. ती आधी काढली नाही, तर पुढे जांभळा स्लायडर हलवल्यावर शिंगाभोवती पांढरी किंवा काळी रेघ उमटते.

त्यानंतर कृष्णधवल करा आणि मिक्सर उघडा. माझ्या बिबट्यासाठी मी केशरी वाढवला आणि हिरवा कमी केला. इथे एक गोची आहे. आपल्याला हिरवं वाटणारं गवत सॉफ्टवेअरच्या हिशेबात बरंचसं पिवळं असतं. हिरवा स्लायडर तळाला नेला तरी गवत ढिम्म हलत नाही, आणि पिवळा हलवला तर बिबट्याही सोबत हलतो. अशा वेळी व्हाइट बॅलन्सकडे परत जा. त्यातले तापमान (निळसर ते पिवळसर) आणि टिंट (हिरवट ते जांभळट) हे स्लायडर कृष्णधवलमध्येही काम करतात, कारण खालचे रंग बदलले की मिक्सरमधली त्यांची वाटणीही बदलते. टिंट थोडा हिरव्याकडे नेला की गवत पिवळ्यातून हिरव्यात सरकतं आणि हाताला लागतं. तापमान आणि टिंट दोन्ही टोकापासून टोकापर्यंत एकदा फिरवून बघाच. तेवढ्यानेही नाही भागलं, तर प्राण्याभोवती मास्क करा, म्हणजे बदल तेवढ्याच भागापुरता राहतो.

निळ्याशी मात्र जपून. उडत्या गरुडामागचं आकाश काळंभोर करायचा मोह होतो. निळा फार खाली नेला की आकाशात दाणे उठतात आणि पंखांच्या कडेला उजळ वलय येतं. मी उणे 30 च्या आसपास थांबते.

पुढचा भाग उजेडाचा. ॲन्सेल ॲडम्स आणि फ्रेड आर्चर या अमेरिकन छायाचित्रकारांची झोन पद्धत 0 ते 10 अशा 11 पायऱ्यांची आहे. 0 म्हणजे निखळ काळा, 10 म्हणजे कागदाचा पांढरा. सगळी पद्धत पाठ करायची गरज नाही, मी दोनच खुणा धरते. हत्तीच्या सावलीतली कातडी तिसऱ्या पायरीवर, म्हणजे गडद, पण सुरकुती दिसेल इतपत. बगळ्याची पिसं सातव्या-आठव्यावर, म्हणजे पांढरी, पण पिसापिसातली रेघ शाबूत. या दोन टोकांच्या मध्ये बाकीचं आपोआप बसतं. कावळ्याच्या बाबतीत शॅडो, म्हणजे गडद भाग, भरमसाट उचलू नका, नाहीतर तो राखाडी होतो. काळ्या पिसांवर जी चकाकी पडते, तिच्यापुरत्या हायलाइट (उजळ भाग) उचला. पक्षी काळाच राहतो आणि पिसंही मोजता येतात.

क्लॅरिटीचा, म्हणजे बारकाव्यांना उठाव देणारा, स्लायडर ही या सगळ्यातली सर्वांत मोठी भुरळ. हत्तीवर दहा-पंधरा ठीक, पन्नासवर तो सिमेंटचा होतो. बिबट्याच्या मऊ केसांच्या तारा होतात. मी क्लॅरिटी अख्ख्या फोटोला देत नाही. ब्रशने सोंडेवर किंवा चेहऱ्यावर तेवढीच फिरवते, आणि पार्श्वभूमीला उलट उणे देते.

त्याच ब्रशने जागोजागी उजळवायचं आणि गडद करायचं. कडेचं एखादं चमकणारं पान नजर पळवून नेतं, ते आधी दाबा. रंगीत फोटोत ते खटकत नाही, इथे दिव्यासारखं पेटतं. डोळ्यातला उजेडाचा ठिपका किंचित उचला. बुबुळ उजळवत बसू नका, प्राण्याच्या डोक्यात बॅटरी लावल्यासारखं दिसतं. स्पर्धेला पाठवणार असाल तर संपादनाचे नियम आधी वाचा आणि मूळ रॉ जपून ठेवा. ती फाइल मागितली जाऊ शकते.

स्क्रीनसाठी फाइल ग्रेस्केल (नुसत्या करड्या छटांची) न करता एसआरजीबी या नेहमीच्या रंगीत पद्धतीतच काढा. पुढे किंचित उबदार छटा द्यावीशी वाटली तर वाट मोकळी राहते. छपाईचं प्रकरण वेगळं. आपले स्क्रीन बहुतेक वेळा फार उजळ ठेवलेले असतात, त्यामुळे कागदावर हत्तीचं पोट काळ्या डागासारखं उतरतं. मी स्क्रीनचा उजेड कमी करून काम करते आणि आधी फोटोतल्या सर्वांत गडद भागाची तळहाताएवढी पट्टी छापते. शाई वाळली की ती खिडकीपाशी, दिवसाच्या उजेडात धरते. सुरकुत्या दिसत नसल्या तर शॅडो थोड्या उचलायच्या, पुन्हा पट्टी छापायची. बिबट्याच्या वेळी तीन पट्ट्या लागल्या, चौथ्या खेपेला मोठा कागद घातला.