सॅव्हाना मॉडेलमध्ये गवत संपून सगळं जंगल होतंय? माझा अनुभव

गवत आणि विरळ झाडांच्या प्रदेशाचं (सॅव्हानाचं) मी संगणकावर मॉडेल चालवतो. वार्षिक पाऊस 650 मिमीच्या वर गेला की माझ्या रनमध्ये (मॉडेल एकदा चालवणं म्हणजे एक रन) झाडं गवताला गिळून टाकायची. रुजण्याचा दर घटवला, मृत्युदर वाढवला; मग नुसतं गवतच उरलं. दोन महिने वैताग.

चूक वणव्यात होती. गवत असो वा नसो, मी दरवर्षी ठरावीक क्षेत्र जाळत होतो.

आधी आगीची तीव्रता वाळक्या गवताच्या वजनाशी जोडली. मग झाडांच्या छत्राने साधारण 40 टक्क्यांहून जास्त जमीन झाकली की आग पसरणं झपाट्याने घटवलं. शेवटी (हेच मी आळसाने टाळलं होतं) ज्वाळेच्या उंचीखालची रोपं मारणं थांबवलं: खोड जळतं, मुळांतला साठा राहतो, पावसात पुन्हा फुटवे.

आता एकदा गवतापासून, एकदा जंगलापासून रन सुरू करतो. मध्यम पावसात दोन्ही आपापल्या जागी टिकतात.