बाल्कनीतलं लाकूडकाम : पुण्यात नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

माझा पहिला चमचा तीन दिवस टिकला. फेब्रुवारीत सोसायटीतल्या आंब्याची छाटणी झाली होती. त्यातली मनगटाएवढी जाड फांदी मी वर आणली आणि दोन संध्याकाळी बाल्कनीत बसून चमचा कोरला. चौथ्या दिवशी सकाळी पाहते तर वाटीच्या मधोमध, नख शिरेल एवढी भेग. तेव्हा खालच्या मजल्यावर एका फ्लॅटचं फर्निचर चालू होतं. तिथल्या सुतारमामांना चमचा दाखवला. त्यांनी तो उलटा केला, टोक पाहिलं आणि म्हणाले, "ताई, गाभा आतच ठेवलाय की तुम्ही."

ओलं लाकूड वाळताना आकसतं, पण सगळ्या दिशांनी सारखं नाही. लांबीत जवळजवळ आकसतच नाही. गाभ्याकडून सालीकडे जेवढं आकसतं, त्याच्या साधारण दुप्पट वर्तुळांच्या कडेने आकसतं. त्यामुळे मध्ये गाभा असलेला गोल तुकडा वाळताना कुठेतरी फाटणारच. फांदी घरी आली की आधी ती उभी फोडायची आणि मधली गाभ्याची रेघ तासून टाकायची. एका फाकेत एक चमचा. शिवाय आपली हवा. मार्च-एप्रिलच्या दुपारी पंख्याखाली ठेवलेल्या ओल्या लाकडाच्या टोकांना संध्याकाळपर्यंत बारीक चिरा दिसायला लागतात. अर्धवट झालेलं काम त्याच्याच ढलप्यांसकट प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवावं. पण दोन दिवसांच्या वर नको, बुरशी धरते. पावसाळ्यात तर एका रात्रीत धरते. राखून ठेवायच्या फांद्यांच्या दोन्ही टोकांना मेण नाहीतर फेविकॉल फासावं, कारण पाणी सर्वांत आधी टोकांतूनच पळतं.

लाकूड मिळतं कुठे, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो. माझं उत्तर: माळीकाकांशी ओळख ठेवा. मे महिन्यात वळवाचे दोन दणके बसले की शहरभर फांद्या पडतात आणि त्या उचलून न्यायला कुणी आलं तर सगळ्यांना बरंच वाटतं. मात्र उभ्या झाडाला हात लावायचा नाही. महाराष्ट्रात शहरी भागातल्या झाडांसाठी १९७५ चा कायदा आहे आणि तोडायला महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, झाड तुमच्याच आवारात असलं तरी. टेकडीवरूनही काही आणू नका, अगदी वाळकी फांदीसुद्धा.

आणि मिळेल ते लाकूड तोंडात जाणाऱ्या वस्तूला चालत नाही. आपल्या टेकड्यांवर जिकडेतिकडे लावलेली गिरिपुष्प कोरायला बरी वाटते, पण तिचं दुसरं नाव उंदीरमारी आहे, तेवढ्यावरून काय ते समजा. आंबा चमच्याला चालतो, रेषा जरा वेड्यावाकड्या निघतात इतकंच. शिवण मिळाली तर सोडू नका. हलकी, एकसारखी, पटाशीखाली लोण्यासारखी जाते. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये वखारवाल्याला विचारलं तर छोटा तुकडा मिळू शकतो, फक्त सकाळच्या गडबडीत विचारू नका. साग सगळ्यांना हवा असतो, पण त्यात वाळूसारखे बारीक कण असतात आणि ते धार खातात. शिसवीच्या भुश्याने अनेकांना खाज सुटते, शिंका येतात. घासताना मास्क लावाच. बाभूळ दांड्यांसाठी. औतं आणि बैलगाड्या तिच्या व्हायच्या त्या उगाच नाही.

हत्यारांच्या बाबतीत मी जे केलं ते करू नका. मी आधी परदेशी बनावटीचा अकरा नगांचा कोरण्याचा संच मागवला. त्यातले आठ नग आजही कागदातच आहेत. एक छोटी करवत, एक हलकी कुऱ्हाड, एक सरळ सुरी आणि एक गोल पटाशी, एवढ्यावर वर्ष निघतं. सुतारमामांच्या हातात वाकस, म्हणजे आडव्या पात्याचं तासायचं हत्यार, पाहिल्यावर तर कुऱ्हाडही कमी वापरायला लागले. जुना बाजार रविवारी आणि बुधवारी भरतो. तिथे दांडा मोडलेल्या जुन्या पटाश्या ढिगाने मिळतात आणि पुष्कळदा त्यांचं पोलाद आजच्या स्वस्त मालापेक्षा चांगलं निघतं. घेताना पात्याची सपाट पाठ बघा. धारेजवळ गंजाचे खोल खड्डे असतील तर ती तिथेच ठेवा, कारण धार म्हणजे दोन पृष्ठभागांची गाठ आणि त्यातला एक खड्ड्यांचा असला तर दुसरा कितीही घासून उपयोग नाही. टोक निळं पडलेलं असेल तर कुणीतरी ते ग्राइंडरवर तापवलंय. तेवढा भाग मऊ झालेला असतो, तो घासून काढायची तयारी असेल तरच घ्या.

नवं साधं सामान बोहरी आळीत मिळतं. मी बांबू फोडायला कोयता घ्यायला गेले तर दुकानदाराने आधार कार्ड मागितलं. पुण्यात कोयत्याने केलेल्या हल्ल्यांच्या बातम्या येतात, ते तुम्हाला माहीतच आहे. त्याला वाटीचा चमचा दाखवला, तो हसला, पण नंबर लिहून घेतलाच. धारेची हत्यारं नेताना जाड कापडात गुंडाळून, बॅगेच्या तळाशी ठेवा आणि कशासाठी नेताय हे सांगता येऊ द्या.

आता धार. पहिला महिनाभर काही बनवलं नाहीत तरी चालेल, पण धार लावायला शिका. बोथट सुरीला जोर लावावा लागतो, जोर लावला की ती सटकते, आणि सटकली की डाव्या हातात जाते. माझ्या अंगठ्यावरचे तीन टाके बोथट सुरीचे आहेत. महागड्या दगडांची गरज नाही. काचवाल्याकडून १० मिलिमीटर जाडीचा काचेचा तुकडा आणा, कडा त्याच्याकडूनच घासून घ्या. त्यावर पाण्याने चिकटवून ४००, ८००, १००० आणि २००० नंबरचा पॉलिश पेपर. पटाशीची पाठ आधी सपाट करायची, आरशासारखी, निदान धारेजवळचा बोटभर भाग. मग उताराची बाजू. पटाशीला साधारण २५ ते ३० अंश. कोन हाताने धरता येत नसेल तर उतारावर स्केचपेनची रेघ मारा आणि दोनदा घासून बघा. शाई कुठून निघाली त्यावरून हात वर हवा की खाली ते कळतं. पलीकडच्या बाजूला बोट फिरवलं की बारीक खरखरीत कड लागेल. ती पूर्ण लांबीभर लागेपर्यंत पुढच्या कागदावर जायचं नाही. सगळे नवशिके इथेच घाई करतात, मीही केली. शेवटी चप्पल शिवणाऱ्या काकांकडून आणलेला चामड्याचा तुकडा फळीवर चिकटवून, त्यावर बफिंगवाल्यांचा हिरवा साबण घासून पंधरा-वीस वेळा मागे ओढायचं. मनगटावरचे केस गेले की झालं. सुतारमामा मात्र हे सगळं मध्ये झिजून खोल झालेल्या एका निसण्यावर, म्हणजे धारेच्या दगडावर, बोलता बोलता, दोन मिनिटांत करतात.

वाटी कोरायला वाकडी सुरी लागते, आणि ती मला स्वतःसमोर घडवून हवी होती. शहराबाहेरच्या एका लोहारदादांकडे जुनी कानस घेऊन गेले. कानशीत कार्बन भरपूर, म्हणून ती कडक होते. ट्रकच्या कमानीचा पाटा तिच्यापेक्षा सोशिक. दादांनी कानस लाल करून राखेत गाडली आणि हळूहळू थंड होऊ दिली, त्याशिवाय ती घासता येत नाही. मग आकार दिला, वाकवली. पाणी द्यायच्या, म्हणजे तापलेलं पातं झटकन थंड करून कडक करायच्या, वेळी मी माझं वाचीव शहाणपण काढलं आणि पाण्यातच बुडवा म्हणाले. ते म्हणाले, "तेलात देऊ." मी ऐकलं नाही. टिक् असा आवाज आला आणि पातं वाकाजवळ चिरलं. दादा काही बोलले नाहीत, दुसरी कानस मागितली.

दुसऱ्या वेळी नीट पाहिलं. पोलाद चुंबकाला चिकटेनासं झालं की योग्य तापमान जवळ आलं, अजून किंचित वर न्यायचं आणि तेलात. दादांना चुंबक लागत नाही, ते रंग बघतात, म्हणूनच भट्टी सावलीत असते. उन्हात रंग फसवतो. एवढ्याने पातं कडक होतं, पण काचेसारखं ठिसूळही. तो ठिसूळपणा कमी करायला घरी ओव्हनमध्ये २०० अंशांवर तासभर, दोनदा ठेवलं. घासलेल्या भागावर फिकट गवती पिवळा रंग चढला की पुरे. आठवडाभर घरच्यांना केकला तेलाचा वास आला, हे मान्य आहे.

तयार चमच्याला तेल कुठलं द्यायचं? खोबरेल, शेंगदाणा वाळत नाहीत, चिकट राहून खवट होतात. जवसाचं तेल हवेने वाळून कडक होतं. मात्र हार्डवेअरच्या दुकानातलं रंगकामाचं उकळलेलं अळशी तेल नको, त्यात वाळवण्यासाठी धातूंची संयुगं घातलेली असतात. लाकडी घाण्यावरचं खाण्याचं जवसाचं तेल आणा, पातळ हात द्या, उन्हात ठेवा. आणि तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. तेल वाळताना तापतं आणि फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. दोरीवर पसरून वाळवा.

जंगलात राहण्याच्या कौशल्यांबद्दल माझं मत जरा कडू आहे. व्हिडिओत बर्चची साल, बर्फ आणि शेकोटी असते. आपल्याकडे राखीव वनात आग लावणं गुन्हा आहे, आणि फेब्रुवारीनंतर टेकडीवरच्या वाळक्या गवताला एक ठिणगी पुरते. हे सगळं ओळखीच्या शेतावर, शेतकऱ्याला विचारून करा. आणि तिथे गेलात तर घासून आग पेटवण्यात दिवस घालवण्यापेक्षा बांबू फोडायला शिका. कोयता टोकावर ठेवून मोगरीने मारायचं, फट पडली की कोयता पिळत खाली न्यायचा. फुटलेल्या बांबूची कड सुरीसारखी कापते, तेव्हा हातमोजे. बुरुड आळीत अर्धा तास नुसतं उभं राहून बघितलंत तर पट्टी सारख्या जाडीची कशी निघते ते दिसेल: एक बाजू जाड व्हायला लागली की तिकडे वाकवतात, चीर तिकडे वळते.

बाभळीचा एक दांडा दिवाळीपासून माझ्या माळ्यावर वाळतोय, टोकांना मेण लावून. सुतारमामांनी परवा वर येऊन तो नखाने टोचला, हातात तोलला आणि म्हणाले, "अजून एक उन्हाळा." म्हणून कुऱ्हाडीला तात्पुरता आंब्याचाच दांडा बसवलाय, पाचर जरा सैल आहे, रोज रात्री बादलीत बुडवून ठेवते.